ओएलईडीतली ओल: ती शिरते कुठून, थांबते कशी

पावसाळा सुरू झाल्यापासून ओएलईडी (सेंद्रिय थरांतून प्रकाश देणाऱ्या) पडद्यांवरच्या काळ्या डागांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. प्रयोगशाळेतला विद्यार्थी असो की भोसरीतला उद्योजक, तक्रार एकच: बनवला तेव्हा पडदा चांगला होता, आठवड्याभरात बिघडला. त्यातली सहा पत्रं निवडून इथे उत्तरं देत आहोत. ती वाचताना एवढं लक्षात ठेवावं की पाणी तीन वाटांनी शिरतं. काही बनवतानाच आत राहून जातं, काही कडेच्या सीलमधून झिरपतं आणि काही वरच्या आवरणाच्या छिद्रांतून येतं. एका वाटेवरचा उपाय दुसरीवर उपयोगी पडेलच असं नाही. म्हणून आधी वाट शोधावी, मग खर्च करावा.

प्रश्न: आम्ही काचेवर आयटीओ (पारदर्शक वाहक थर), पेडॉट-पीएसएस (वाहक पॉलिमर), एनपीबी आणि एएलक्यू३ (सेंद्रिय थर), लिथियम फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम (कॅथोड) असे थर देतो आणि काचेचं झाकण लावून सील करतो. पहिल्या दिवशी प्रकाश एकसारखा असतो. चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली गोल काळे ठिपके दिसतात आणि ते मोठे होत जातात. ग्लोव्हबॉक्सचा (हातमोज्यांतून काम करायच्या, कोरड्या वायूच्या बंद पेटीचा) ओल मोजणारा मीटर तर ०.५ पीपीएमच्या खाली असतो. मग पाणी आलं कुठून? — संशोधक विद्यार्थिनी, पाषाण

उत्तर: ठिपके गोल आहेत आणि पिक्सेलभर विखुरलेले आहेत, ही यातली मोठी खूण. सील गळत असतं तर पिक्सेल आधी कडेने आक्रसला असता. मधोमध गोल ठिपका आला म्हणजे तिथे कॅथोडला बारीक छिद्र आहे, आणि बहुतेक वेळा त्या छिद्राच्या तळाशी धुळीचा कण असतो. ॲल्युमिनियमची वाफ सरळ रेषेत येऊन बसते. कणाच्या सावलीत फट राहते आणि तिच्यातून शिरलेलं पाणी कॅथोड आणि सेंद्रिय थर यांच्या सांध्यावर चहूबाजूंनी पसरतं. धातूचं ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होतं, हायड्रोजन सुटतो, कॅथोड फुगून सुटतो. इलेक्ट्रॉन आत यायचे थांबले की तेवढी जागा काळी पडते.

याची खात्री करणं सोपं आहे. पिक्सेल बंद ठेवून काचेच्या बाजूने ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चचा प्रकाश टाका. ठिपक्याच्या जागीही एएलक्यू३ हिरवा चमकत असेल तर सेंद्रिय थर शाबूत आहे, गेला आहे तो कॅथोड. शिवाय एकाच वेळी बनवलेला एक नमुना विजेला न जोडता तसाच ठेवून द्या. त्यातही ठिपके तेवढेच वाढले तर कारण पाणीच आहे. फक्त चालवलेल्या नमुन्यात वाढले तर शॉर्ट आणि स्थानिक उष्णता यांचा शोध घ्यावा लागेल.

आता मुख्य मुद्दा. ठिपक्यांची संख्या धूळ ठरवते, वाढीचा वेग पाणी ठरवतं. त्यामुळे दोन्ही वेगवेगळं मोजायला हवं. रोज त्याच पिक्सेलचा त्याच मोठेपणाने फोटो घ्या आणि ठिपक्याचं क्षेत्रफळ दिवसांसमोर मांडा. रेघ सरळ चढत राहिली तर पाणी बाहेरून सतत येतंय. काही दिवसांनी ती आडवी झाली तर आत कोंडलेलं पाणी होतं आणि ते संपलं. तुमच्या रचनेत पहिला संशय पेडॉट-पीएसएसवर जातो. तो पाण्यातूनच पसरवला जातो आणि हवेत ठेवला की काही मिनिटांत पुन्हा पाणी ओढतो. बाहेरच्या हॉटप्लेटवर १५० °से.ला १५ मिनिटं तापवून भागत नाही. ग्लोव्हबॉक्समध्ये नेल्यावर पुन्हा १२० °से.ला निदान १५ ते २० मिनिटं तापवा आणि त्यानंतर नमुना बाहेरच्या हवेत अजिबात आणू नका. यूव्ही-ओझोन दिल्यावर आयटीओचा पृष्ठभागही पाण्याला चटकन धरतो, म्हणून ती पायरी झाल्यावर नमुना टेबलावर पडून राहता कामा नये.

मीटरबद्दल: तो सेन्सरजवळच्या वायूतलं पाणी मोजतो. आत ठेवलेल्या टिश्यूच्या गठ्ठ्यातलं, कागदी खोक्यातलं, हातमोज्याच्या रबरातलं पाणी त्याला दिसत नाही. फॉस्फरस पेंटॉक्साइडचा सेन्सर असेल तर लेप झिजल्यावर तो आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो, आणि द्रावकांच्या वाफेने लेप लवकर झिजतो. अँटेचेंबर (वस्तू आत नेण्याची मधली कोठडी) मुद्दाम एकदाच रिकामा करून आतला दरवाजा उघडा. आकडा वर जाऊन हळूहळू खाली आला तर सेन्सर जिवंत आहे. ढिम्म हलला नाही तर लेप नव्याने द्यावा. काच आणि धातूच्या वस्तूंना अँटेचेंबरच्या तीन फेऱ्या पुरतात. टिश्यू, फिल्टर, प्लॅस्टिकचे ट्रे मात्र आदल्या रात्री व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवावेत. टिश्यू १२० °से.ला चालतात, प्लॅस्टिक त्याला सोसेल त्या तापमानाला.

प्रश्न: आमच्या बाष्पीभवन चेंबरचा (वाफेने थर चढवायच्या निर्वात कोठडीचा) दाब १०⁻⁶ मिलिबारपर्यंत उतरतो. तेवढ्यावर पाणी गेलं असं धरावं का? जुलैमध्ये तिथे पोहोचायला उन्हाळ्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. — प्रयोगशाळा सहायक, चिंचवड

उत्तर: धरू नये. न तापवलेल्या चेंबरमध्ये या दाबाला जो वायू उरतो तो मुख्यतः पाण्याची वाफच असते. १०⁻⁶ मिलिबारला दोन-तीन सेकंदांत एक अख्खा रेणू-थर बसेल इतके रेणू पृष्ठभागावर आदळत असतात, आणि तुमचा सेंद्रिय थर तर सेकंदाला एक-दोन अँगस्ट्रॉम या वेगाने चढतो. आदळलेला प्रत्येक रेणू चिकटत नाही म्हणून दिवा पेटतो, एवढंच. कॅथोड देताना दाब जमेल तितका खाली हवा.

जुलैत वेळ लागतो तो भिंतींमुळे. पंपाचा झडप-दरवाजा बंद करून दाब कसा चढतो ते दहा मिनिटं नोंदवा. दाब सरळ रेषेत चढत राहिला तर गळती आहे. आधी भराभर चढून मग मंदावला तर भिंतींवरचं पाणी सुटतंय. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर १८ (पाणी) चा आकडा बघा. २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) हे दोन्ही जवळपास चारास एक प्रमाणात दिसले तर बाहेरची हवा शिरते आहे.

चेंबर उघडताना कोरडा नायट्रोजन सोडून दाब बरोबरीला आणावा आणि दार उघडं असताना तो मंद चालूच ठेवावा. याहून महत्त्वाची गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पुण्यात पावसाळ्यात खोली २६ °से. आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २३ °से.च्या आसपास येतो. जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झच्या डोक्यातून आणि भिंतीतल्या नळ्यांतून चिलरचं १८ °से.चं पाणी फिरत असताना दार उघडलं, तर त्या भागांवर चक्क दव धरतं. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी चिलर २६ ते २८ °से.वर आणा, चेंबर बंद करून पंपिंग सुरू झालं की मग पुन्हा खाली न्या.

प्रश्न: ३० बाय ३० मिमीचं छोटं ओएलईडी पॅनेल काचेच्या झाकणाने आणि यूव्ही इपॉक्सीने सील करायचं आहे. गेटर (आतली ओल शोषणारा पदार्थ) किती घालावा? गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यानंतरची बॅच हमखास खराब निघते. त्याचं काय करावं? — लघुउद्योजक, भोसरी

उत्तर: गेटर अंदाजाने घालू नका, हिशेब करा. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात १०० मायक्रॉन जाडीच्या थरातून ६० °से. आणि ९० टक्के आर्द्रतेला दिवसाला दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम पाणी जातं तो आकडा असतो. समजा तो १० आहे. तुमच्या सीलची लांबी चारही बाजू मिळून ११२ मिमी, उंची १० मायक्रॉन, रुंदी २ मिमी. हवेकडे उघडी असलेली कड म्हणजे फक्त १.१२ चौरस मिमी. पाण्याला २ मिमी, म्हणजे १०० मायक्रॉनच्या २० पट अंतर जायचं आहे, म्हणून दर २० ने कमी: ०.५ ग्रॅम. गुणाकार केला की दिवसाला सुमारे ०.५६ मायक्रोग्रॅम, वर्षाला ०.२ मिलिग्रॅम. एवढ्या कडक हवेत पाच वर्षं काढली तरी १ मिलिग्रॅम. पुण्याच्या नेहमीच्या हवेत त्याहून बरंच कमी.

कॅल्शियम ऑक्साइड आपल्या वजनाच्या ३२ टक्के पाणी रासायनिकरीत्या बांधतो. १ मिलिग्रॅमसाठी ३.१ मिलिग्रॅम पुरेल. सगळा गेटर कामाला येत नाही आणि आतही थोडं पाणी कोंडलेलं असतं, म्हणून १० मिलिग्रॅम घाला. झिओलाइट स्वस्त पडतो, पण तापला की धरलेलं पाणी परत सोडतो. गाडीच्या डॅशबोर्डवर जाणाऱ्या पॅनेलसाठी तो आम्ही सुचवणार नाही. कॅल्शियम ऑक्साइडची एक खोड सांभाळावी लागते: पाणी पिऊन त्याचं घनफळ जवळजवळ दुप्पट होतं. झाकणातली खोबण ०.३ ते ०.५ मिमी खोल ठेवा आणि गेटर पातळ पसरा, नाहीतर दोन वर्षांनी तोच कॅथोडवर टेकतो. गेटरचं पाकीट ग्लोव्हबॉक्समध्येच फोडा.

वरच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. गोंदाची उंची १० ऐवजी ३० मायक्रॉन झाली की पाणी तिप्पट येतं. गेटर वाढवण्यापेक्षा उंची सांभाळणं केव्हाही स्वस्त. गोंदात १० मायक्रॉनचे काचेचे मणी वजनाने सुमारे एक टक्का मिसळा आणि झाकण मण्यांवर टेकेपर्यंत दाबा. एका पॅनेलला गोंद लागतो फक्त २.२ मायक्रोलिटर. डिस्पेन्सरने काढलेली जेमतेम ०.२३ मिमी रुंदीची अर्धगोल रेघ दाबल्यावर २ मिमी पसरते. रेघ जिथे सुरू होते आणि जिथे मिळते तो सांधा कोपऱ्यात आणू नका, सरळ बाजूच्या मध्यावर ठेवा. झाकण दाबताना आतला नायट्रोजन दाबला जाऊन ओल्या गोंदातून केसासारखी वाट फोडतो. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट भिंगातून दिसते. त्यासाठी झाकण थोड्या कमी दाबाखाली बसवावं. ती सोय नसेल तर रेघेत १ मिमीची फट सोडून दाबावं आणि फट मागाहून बुजवावी.

गोंदाची सिरिंज फ्रीजरमधून काढल्यावर झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, निदान दोन तास. थंड सिरिंज पावसाळ्यात उघडली की तिच्या तोंडावर दव धरतं आणि तेच पाणी तुम्ही सीलमध्ये भरता. यूव्ही देताना पिक्सेलवर धातूचा मास्क हवा, कारण ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश सेंद्रिय थरांनाही मारतो. यूव्हीनंतर ८० °से.ला एक तास तापवणं टाळू नका. अर्धवट पिकलेला इपॉक्सी स्वतःच वाफा सोडतो आणि पाणीही जास्त जाऊ देतो.

आता गुरुवार. वीज गेली की ग्लोव्हबॉक्सचा ब्लोअर थांबतो. शुद्धीकरण बंद पडतं, पण ब्यूटाइल रबराच्या हातमोज्यांतून पाणी झिरपायचं थांबत नाही. त्यात दाब उतरला तर बारीक फटींतून हवा आत ओढली जाते. बुधवारी संध्याकाळी सील न झालेलं एकही पॅनेल बॉक्समध्ये उघडं राहता कामा नये. ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद करा. हातमोज्यांच्या तोंडांवर आतून झाकणं लावा. नायट्रोजनच्या सिलिंडरला यांत्रिक रेग्युलेटर जोडून विजेशिवाय २ ते ३ मिलिबार जादा दाब राहील अशी सोय करा. क्रायोपंप (वायू गोठवून धरणारा पंप) असेल तर वीज जाण्याआधी त्याचा दरवाजा बंद करणं अत्यावश्यक आहे. तो गरम झाला की महिनाभर गोठवलेलं सगळं पाणी मोकळं होतं. वीज आल्यावर आधी त्याचं पूर्ण पुनरुज्जीवन करा, मग चेंबरशी जोडा.

शुक्रवारी मीटर १ पीपीएमच्या खाली आला म्हणून लगेच काम सुरू करू नका. आकडा उतरल्यावरही रबर, केबल आणि ट्रे पाणी सोडत असतात. ब्लोअर दोन तास बंद करून आकडा किती चढतो ते पाहा आणि एखाद्या चांगल्या दिवशीच्या चढाशी ताडून बघा. दोन्ही जुळले की बॅच लावा.

प्रश्न: लवचिक ओएलईडीच्या आवरणातून दिवसाला दर चौरस मीटरमागे फक्त १०⁻⁶ ग्रॅम पाणी चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हा आकडा इतका कडक का, आणि तो मोजतात कसा? — अभियंता, हिंजवडी

उत्तर: एक चौरस मीटर पृष्ठभाग पाण्याच्या एका रेणू-थराने झाकायला साधारण ०.३ मिलिग्रॅम पाणी लागतं. दिवसाला १ मायक्रोग्रॅम येत असेल तर तो एक थर भरायला ३०० दिवस लागतात. कॅथोडच्या सांध्याची काही नॅनोमीटर जाडी बिघडली की दिवा गेला, म्हणून काही वर्षांचं आयुष्य हवं तर आकडा या घरात येतो. १०० मायक्रॉनच्या पीईटी प्लॅस्टिक फिल्ममधून दिवसाला काही ग्रॅम जातात, म्हणजे लाखो पट जास्त.

मोजण्यासाठी कॅल्शियमची चाचणी वापरतात. आवरणाखाली १०० नॅनोमीटर कॅल्शियमचा थर देतात. पाणी लागेल तसं त्याचं पारदर्शक, वीज न वाहणारं हायड्रॉक्साइड होतं आणि रोध वाढतो. हा सगळा थर संपायला चौरस मीटरला ०.१४ ग्रॅम पाणी लागतं. १०⁻⁶ च्या आवरणात त्याचा एक टक्का बदलायलाच १,४०० दिवस जातील. म्हणून ६० °से. आणि ८५ °से. अशा दोन तापमानांना वेग मोजून खालच्या तापमानाचा अंदाज काढतात. सोबत दोन्हीकडून काच आणि तोच कडेचा गोंद असलेला एक नमुना ठेवावाच लागतो. त्याचा वेग वजा केल्याशिवाय तुम्ही आवरण मोजताय की गोंद, ते कळत नाही.

रोधापेक्षाही फोटो जास्त सांगून जातो. कॅल्शियम सगळीकडे सारखा फिकट होत गेला तर आवरणाचा पदार्थच गळका आहे. ठिपक्याठिपक्यांनी पारदर्शक झाला तर पदार्थ उत्तम, धूळ जास्त. दुसऱ्या परिस्थितीत आवरण जाड करून पैसे वाया जातात. म्हणूनच पातळ आवरणात सिलिकॉन नायट्राइड, मग आठ-दहा मायक्रॉनचा इंकजेटने छापलेला सेंद्रिय थर, मग पुन्हा सिलिकॉन नायट्राइड अशी रचना असते. मधला थर पाणी अडवत नाही. तो कणांना बुडवून पृष्ठभाग सपाट करतो आणि खालची-वरची छिद्रं एकमेकांसमोर येऊ देत नाही. मात्र तो पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचता कामा नये. कडेला उघडा पडला तर तोच पाण्याचा पाट होतो. त्यासाठी कडेने बांध घालतात आणि वरचा नायट्राइड त्या बांधापलीकडे उतरवतात. कॅमेऱ्यासाठी पडद्याला भोक पाडलं की त्या भोकाभोवतीही हीच तजवीज करावी लागते, शिवाय तिथे सेंद्रिय थर मुद्दाम तोडावा लागतो.

एएलडीने (अणूंचा एकेक थर चढवण्याच्या पद्धतीने) ॲल्युमिनियम ऑक्साइड देणार असाल तर दोन सूचना. ८० ते १०० °से.ला पाण्याची वाफ पृष्ठभागावरून हळू सुटते, तेव्हा पाण्याची वाफ सोडल्यानंतर ती वायूने बाहेर काढण्याचा वेळ लांबवा. आणि नुसता ॲल्युमिनियम ऑक्साइड दमट उष्णतेत स्वतःच झिजतो, म्हणून त्यात झिर्कोनियम किंवा टायटॅनियम ऑक्साइडचे पातळ थर आलटूनपालटून घालावेत.

प्रश्न: आमची सील केलेली पॅनेलं ८५ °से. आणि ८५ टक्के आर्द्रतेला ४८ तासांत गेली. सील इतकं वाईट आहे का? — गुणवत्ता विभागातील वाचक, चाकण

उत्तर: सीलला दोष देण्याआधी थरांत काय आहे ते पाहा. टीपीडीसारखा सेंद्रिय पदार्थ ६०-६५ °से.च्या आसपासच मऊ पडतो, एनपीबी ९५ °से.च्या सुमारास. टीपीडी वापरलं असेल तर पाण्याचा थेंब न लागताही पॅनेल ८५ °से.ला जाणारच. त्याच बॅचमधली काही पॅनेलं कोरड्या ओव्हनमध्ये ८५ °से.ला ठेवा. ती सुद्धा गेली तर दोष उष्णतेचा आहे. मग ओलीची चाचणी ६० °से. आणि ९० टक्क्यांना घ्या.

चाचणी संपवताना आधी आर्द्रता उतरवा, मग तापमान. उलट क्रमाने केलं तर पॅनेलवर पाणी साचतं, ते कनेक्टरच्या टोकांवर जातं, आणि व्होल्टेज लावताच धातूच्या रेघा गंजतात. असं पॅनेल नापास दाखवलं जातं, पण सील तपासलं तर ते धडधाकट निघतं. नापास पॅनेल उघडण्याआधी फोटो घ्या: कडेने आत सरकलेली काळी पट्टी म्हणजे सील, विखुरलेले गोल ठिपके म्हणजे धूळ, एकाच जागेपासून पंख्यासारखा पसरलेला डाग म्हणजे गोंदातली वाट किंवा काचेची चीर.

प्रश्न: पाण्यात पडलेल्या मोबाइलच्या ओएलईडीवर काळा-जांभळा डाग रोज पसरतो. तांदळात ठेवून किंवा ड्रायरने बरा होतो का? — मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, तपकीर गल्ली, बुधवार पेठ

उत्तर: डाग एखाद्या चिरेपासून किंवा कोपऱ्यापासून पसरत असेल तर आवरण फुटलं आहे, आणि कॅथोड एकदा बिघडला की परत येत नाही. ड्रायरच्या उष्णतेने तो उलट लवकर पसरतो. तांदळाचा काही उपयोग नाही. ग्राहकाला पॅनेल बदलायलाच सांगा आणि त्याआधी डेटा काढून द्या, कारण पडदा दोन दिवस आहे की दोन आठवडे, हे कोणी सांगू शकत नाही.

डाग नसून आडव्या-उभ्या रेघा किंवा थरथर असेल तर मात्र आशा आहे. तिथे पाणी बहुधा फ्लेक्सच्या (लवचिक पट्टीसारख्या केबलच्या) कनेक्टरमध्ये असतं. बॅटरी आधी सोडवा, कनेक्टर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, ४० °से.ला दोन-तीन तास वाळू द्या आणि मगच जोडा. वरची काच बदलण्यासाठी पॅनेल फ्रीजिंग मशीनमध्ये घालणाऱ्यांनी ते बाहेर काढल्यावर बंद पिशवीत ठेवूनच खोलीच्या तापमानाला आणावं. उघड्यावर काढलं की त्याच्या कडांवर दव धरतं, आणि काच सोडवताना नेमक्या त्याच कडांना बारीक चिरा गेलेल्या असतात.